सुरांची वकिली

एका राज्यानें दुसऱ्या राज्याच्या दरबारीं वकील ठेवावा ही चाल मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस नवी नाहीं. पेशव्यांचे वकील दिल्लीस असत, निजामाकडे असत. धन्याची बाजू मांडावी, परदरबारची खबर धन्यास कळवावी, आणि धन्याच्या घरांत कांहीं उणें असल्यास तें झांकावें, हीं त्यांचीं कामें. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं एका निराळ्याच प्रकारचे वकील बाहेर धाडले. त्यांच्या हातीं खलिता नव्हता. ट्रंपेट, ट्राँबोन आणि सॅक्सोफोन हीं वाद्यें होतीं. विशेष हा, कीं यांपैकीं बहुतेक वकील अशा समाजांतले होते, ज्यास स्वतःच्या देशांत पुरतें नागरिकत्व अद्याप मिळावयाचें होतें. धन्याच्या घरचें जें उणें झांकावयाचें, तें या वकिलांच्या वर्णांतच उघड दिसत होतें. अशा माणसांनीं ही वकिली कशी केली, याचें उत्तम उदाहरण म्हणजे ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदानें १९६३ सालीं पश्चिम आशियांत व भारतांत केलेला दौरा होय.

जॅझ हें संगीत अमेरिकेच्या दक्षिण भागांत, मुख्यत्वें न्यू ऑर्लिन्स शहरीं, विसाव्या शतकाच्या आरंभास रूपास आलें. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचें लयीचें अंग, त्यांचीं श्रमाचीं व भक्तीचीं गाणीं, आणि यूरोपांतील लष्करी बँडांचीं वाद्यें यांच्या मेळांतून तें जन्मास आलें. ठरलेली चाल घ्यावयाची आणि ऐन वेळीं तिच्यावर स्वतःची कल्पना उभी करावयाची, हा या संगीताचा प्राण होय. ज्यांचे कान आलापीला आणि तानांना सरावलेले आहेत, त्यांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पुढें या संगीतासाठीं मोठे ताफे उभे राहिले. चार-पांच ट्रंपेटें, तीन ट्राँबोन, सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजविणारे पांच जण, आणि लय संभाळण्यास पियानो, खर्जाचें मोठें तंतुवाद्य व ड्रम, अशीं सुमारें पंधरा माणसें त्यांत असत. पंधरा जणांनीं मनास येईल तें एकदम वाजविलें तर नुसता कल्लोळ होईल. म्हणून सर्वांचें वादन कोणी तरी आधीं लिहून द्यावें लागे, आणि त्या लिखाणांत एकेका वादकाच्या प्रतिभेसाठीं मोकळी जागाही राखावी लागे. शिस्त आणि स्वातंत्र्य यांचा हा मेळ घालण्यांत एलिंग्टन यांचा हात धरणारा क्वचितच कोणी झाला.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन यांचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजीं वॉशिंग्टन येथें झाला. नेटका पोषाख आणि अदबशीर वागणूक यांमुळें सोबत्यांनीं त्यांस लहानपणींच ‘ड्यूक’, म्हणजे सरदार, म्हणावयास सुरुवात केली, व तेंच नांव पुढें जगाच्या तोंडीं बसलें. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील कॉटन क्लबमध्यें त्यांचा ताफा वाजवूं लागला. या क्लबची रीत अशी होती, कीं रंगमंचावरील कलावंत सारे कृष्णवर्णीय, आणि समोर मेजांवर बसणारें गिऱ्हाईक मात्र गोरें. तेथून होणाऱ्या रेडिओ-प्रक्षेपणांनीं त्यांची कीर्ति देशभर गेली. १९३३ च्या जून महिन्यांत लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहांत त्यांचें वादन झालें, आणि ज्या संगीतास त्यांच्या मायदेशीं करमणुकीपलीकडे मान नव्हता त्यास यूरोपांतील टीकाकार कलेच्या मापानें मापूं लागले, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें.

या ताफ्याची कल्पना मराठी कुटुंबांस चटकन यावी अशी एक उपमा आपल्याकडे तयारच आहे. ती जुन्या नाटक मंडळ्यांची. बिऱ्हाड पाठीशीं बांधून वर्षाचे बाराही महिने गांवोगांव हिंडणें, एकमेकांचे रागलोभ संभाळणें, आणि नटाचा गळा ओळखून त्याच्याजोगीं पदें रचणें, हें सारें एलिंग्टन यांच्याकडेही होतें. ते नुसत्या वाद्यासाठीं लिहीत नसत, विवक्षित माणसासाठीं लिहीत. हॅरी कार्नी हे १९२७ सालीं कोवळ्या वयांत ताफ्यांत आले, ते एलिंग्टन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, त्यांच्या शेजारीं खर्जाचा सॅक्सोफोन वाजवीत राहिले. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं उभारलेली गंधर्व नाटक मंडळी जशी कर्जाचा डोंगर सोसून चालविली, तसेंच एलिंग्टन यांनीं आपल्या गीतांच्या मानधनाचे पैसे घालून ताफा मोडूं दिला नाहीं. आपण लिहिलें तें दुसऱ्या दिवशीं कानांनीं ऐकावयास मिळावें, एवढ्यासाठीं ही तोशीस ते आनंदानें सोशीत.

परंतु नाटक मंडळीस गांवांत उतरावयास धर्मशाळा तरी मिळे. एलिंग्टन यांच्या मंडळीस स्वदेशाच्या दक्षिण भागांत हॉटेलाचें दार उघडत नसे, आणि खाणावळींतही मज्जाव असे. म्हणून १९३० नंतरच्या दशकांत ते दक्षिणेकडे जातांना आगगाडीचे झोपण्याच्या सोयीचे स्वतंत्र डबे भाड्यानें घेत. स्टेशनाजवळच्या बाजूच्या रुळांवर ते डबे उभे करीत. राहणें, जेवणें, निजणें तेथेंच. अपमानास तोंड देण्याची त्यांची ही तऱ्हा होती. भांडण न करितां, मान ताठ ठेवून, आपली सोय आपण करावयाची. १९६१ पासून मात्र त्यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. जेथें श्रोत्यांस वर्णावरून वेगळें बसवितील तेथें वाजविणार नाहीं, असें कलम ते करारांत घालूं लागले.

आतां सरकारास या मंडळींची आठवण कां झाली तें पाहूं. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांच्यांत शीतयुद्ध जुंपलें, आणि आशिया-आफ्रिकेंतील नवीं स्वतंत्र राष्ट्रें कोणाकडे झुकतात याकडे दोघांचेंही लक्ष लागलें. अमेरिका स्वातंत्र्याची भाषा बोले, तेव्हां रशिया तिच्या घरच्या वर्णभेदाकडे बोट दाखवी. हा टोमणा वर्मीं लागणारा होता, कारण तो खरा होता. १९५४ सालीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं कलावंतांस परदेशीं पाठविण्यासाठीं एक खास निधि मिळविला. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी रेडिओवर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम रोज रात्रीं देशोदेशीं ऐकूं जाऊं लागला. हा कार्यक्रम परक्यांसाठीं असल्यामुळें खुद्द अमेरिकेंत कॉनोव्हर यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्यानंतर, १९५६ सालीं, डिझी गिलेस्पी यांचा वाद्यवृंद सरकारी खर्चानें इराण, पाकिस्तान, सीरिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, ग्रीस अशा देशांत हिंडून आला. सरकारनें परदेशीं धाडलेला हा पहिला जॅझ ताफा. त्यांत काळे आणि गोरे दोन्ही वादक होते, आणि मेल्बा लिस्टन ही ट्राँबोन वाजविणारी स्त्रीही होती. अंकारा येथें प्रतिष्ठितांच्या एका समारंभांत कुंपणाबाहेर गरीब पोरें ताटकळत उभीं आहेत असें पाहून, त्यांना आंत घेतल्याखेरीज वाजविणार नाहीं, असा हट्ट गिलेस्पी यांनीं धरला, असें सांगतात. धन्याच्या मर्जीबाहेर जाऊन चार शब्द बोलणारा हा वकील होता, आणि श्रोत्यांस तोच अधिक खरा वाटला.

१९६३ हें वर्ष अमेरिकेच्या इतिहासांत मोठ्या खळबळीचें होतें. वसंत ऋतूंत अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम शहरीं सत्याग्रही मुलांवर पोलिसांनीं कुत्रीं सोडलीं व पाण्याचे जोरदार फवारे मारले. २८ ऑगस्ट रोजीं वॉशिंग्टन येथें डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणानें गाजलेला विराट मोर्चा निघाला. एलिंग्टन यांचे सहकारी रचनाकार बिली स्ट्रेहॉर्न त्या मोर्चांत होते. स्वतः एलिंग्टन यांनीं त्याच महिन्यांत शिकागो येथें ‘माय पीपल’, म्हणजे ‘माझे लोक’, हा संगीताचा प्रयोग बसविला होता, आणि त्यांत बर्मिंगहॅमच्या लढ्यावरचें एक गाणेंही घातलें होतें. असे हे दोघे, कार्नी, जॉनी हॉजेस, कूटी विल्यम्स, लॉरेन्स ब्राउन, जिमी हॅमिल्टन, पॉल गोन्साल्व्हिस इत्यादि कसलेल्या वादकांसह, सप्टेंबरच्या आरंभीं दमास्कसला उतरले. दौरा सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोंच, १५ सप्टेंबर रोजीं, बर्मिंगहॅमच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्यें बाँब उडून चार मुली ठार झाल्याची बातमी जगभर गेली.

जेथें जावें तेथें पत्रकार वर्णभेदाविषयीं विचारीत. वकिलानें काय बोलावें? खोटें बोलावें, तर चार मुलींच्या प्रेतांवर पांघरूण घातल्यासारखें होणार. स्वदेशाची निंदा करावी, तर ज्या देशाच्या मातींत आपलें संगीत उगवलें त्याच्याशीं कृतघ्नता होणार. एलिंग्टन यांनीं प्रश्न टाळला नाहीं. आमच्या देशांत अल्पसंख्यांचा प्रश्न मोठा आहे हें ते कबूल करीत. त्याचें मूळ रंगापेक्षां अर्थव्यवहारांत आहे, असें आपलें मत सांगत. कृष्णवर्णीय कलावंत आपल्या लोकांसाठीं कांहीं करीत नाहींत, अशा अर्थाचें कोणी बोलल्यास मात्र त्यांस तें लागे. कारण तें काम ते तीस वर्षें आपल्या रीतीनें करीतच होते. १९४३ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहांत त्यांनीं आपल्या समाजाचा इतिहास सांगणारी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही दीर्घ रचना सादर केली होती, ती कांहीं नुसत्या टाळ्यांसाठीं नव्हे.

दमास्कस, अम्मान असें करीत ताफा काबुलास गेला. तेथील गाझी मैदानावर उघड्या आकाशाखालीं त्यांचें वादन झालें. तेथून ते दिल्लीस आले. प्रवासाचा शीण आणि बदललेलें हवापाणी यांनीं चौसष्ट वर्षांच्या एलिंग्टन यांस दिल्लींत गांठलें, आणि त्यांस इस्पितळांत रहावें लागलें. तेव्हां कांहीं कार्यक्रम नायकावांचूनच झाले. पियानोवर स्ट्रेहॉर्न बसले. हे स्ट्रेहॉर्न १९३९ पासून एलिंग्टन यांच्या सावलींत राहून रचना करीत. ताफ्याची ओळख म्हणून जी चाल जगभर वाजे, ती ‘टेक द ए ट्रेन’, त्यांचीच. पण श्रोत्यांपैकीं बहुतेकांस ती एलिंग्टन यांची वाटे. दिल्लींतील त्या दिवसांत सावलींतला माणूस अवचित पुढें आला.

दिल्लीखेरीज मद्रास, कलकत्ता आणि मुंबई याही शहरांत ताफ्यानें हजेरी लावली. मुंबईस हें संगीत अगदींच परकें नव्हतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवून गेला होता. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड हे आले. वेदरफोर्ड तर इकडेच राहिले, व १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारले. या पाहुण्यांच्या पंगतीस बसून शिकणारे बहुतेक गोमंतकीय होते. गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांस पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकवीत, त्यामुळें लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजविणारे वादक मुंबईस तेथूनच मिळत. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे अशांपैकींच एक ट्रंपेटवादक. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनीं त्यांचें साहाय्य घेतलें, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या द्वारें या संगीताची लय मराठी घरांतल्या रेडिओपर्यंत पोहोंचली. जॅझ हें नांवही ज्यांच्या कानीं गेलें नव्हतें अशीं माणसें त्या लयीवर ठेका धरूं लागलीं होतीं.

एलिंग्टन यांच्या ताफ्यांतील पॉल गोन्साल्व्हिस यांचें आडनांव या संदर्भांत लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांचे आईबाप मूळचे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्ड बेटांतले. गोव्याप्रमाणें तीं बेटेंही पोर्तुगिजांच्या अमलाखालीं होतीं, आणि तेंच आडनांव दोहोंकडे पसरलें. एकाच सत्तेच्या जहाजांनीं जें नांव दोन किनाऱ्यांवर नेऊन सोडलें, तें असें अमेरिकेच्या वाटेनें मुंबईस आलें. दोन भेटींतला फरकही ध्यानांत ठेवावा. १९३५ चे पाहुणे साहेबलोकांच्या आणि संस्थानिकांच्या जेवणाच्या मेजांभोंवतीं, नाचासाठीं वाजवीत होते. १९६३ चे पाहुणे एका राष्ट्राचे प्रतिनिधि म्हणून आले होते, आणि लोक तिकीट काढून केवळ ऐकण्यासाठीं बसले होते. तरीही समोर बसणारी मंडळी बहुधा वरच्या थरांतील, आमंत्रणांनीं बोलाविलेली असे, आणि आम्हांस सामान्य लोकांपुढें कां वाजवूं देत नाहींत, असा सूर वादकांतूनच निघे.

पुढें सिलोन, पाकिस्तान, इराण असा मार्ग होता. नोव्हेंबरांत ताफा बगदादला असतां तेथें बंड झालें, आणि विमानांनीं राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर मारा केला. त्यांतून सुखरूप सुटून मंडळी बैरूतमार्गें अंकाऱ्यास आली. तेथें २२ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाची बातमी येऊन थडकली. सरकारनें पुढील सारे कार्यक्रम रद्द करून ताफ्यास परत बोलाविलें, आणि अडीच महिन्यांची ही वकिली अर्ध्या वाटेवर संपली.

या खटाटोपांतून हातीं काय लागलें? राष्ट्रांचीं मनें वाद्यवृंदानें वळतात असें इतिहास म्हणत नाहीं. इराकमधील सत्तांतरें त्यामुळें थांबलीं नाहींत, आणि भारताचें अलिप्ततेचें धोरणही ढळलें नाहीं. ज्या कामासाठीं सरकारनें पैसा खर्चिला त्याचा हिशेब मांडणें कठिण आहे. परंतु वकिलाचें एक काम परदरबारची खबर धन्यास आणून देणें हें असतें, आणि तें काम मात्र फार सुंदर झालें.

प्रवासांत असतांना एलिंग्टन यांनीं ऐकलेल्या चाली टिपून घेण्याची घाई केली नाहीं. परक्यांच्या लयी उचलून त्यांची नक्कल करणें त्यांस प्रशस्त वाटेना. जें पाहिलें-ऐकलें तें मनांत मुरावें, त्याचें रूप पालटावें, आणि मग तें आपोआप कागदावर उतरावें, असें त्यांचें म्हणणें होतें. १९६४ च्या आरंभीं इंग्लंडांत त्यांनीं यांतील चार तुकडे वाजवून दाखविले. त्याच वर्षीं जपानचा दौरा झाला, त्यांतून आणखी भर पडली. अखेर डिसेंबर १९६६ मध्यें नऊ तुकड्यांची ‘फार ईस्ट स्वीट’ ही मालिका ध्वनिमुद्रित झाली, व पुढील वर्षीं प्रसिद्ध झाली. भूगोलाच्या दृष्टीनें हें नांव चुकीचें आहे. सीरिया, इराण व भारत यांस अतिपूर्व कोणी म्हणत नाहीं, आणि जपानवरील एकच तुकडा त्या नांवास शोभतो. पण नांव बाजूस ठेवून ऐकावें. ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ या तुकड्यांत जिमी हॅमिल्टन यांचें क्लॅरिनेट एक छोटी शीळ पुनः पुनः घालतें; ती दिल्लींत स्ट्रेहॉर्न यांच्या खोलीपाशीं बोलणाऱ्या साळुंकीची. आपल्या अंगणांत रोज बोलणारी ही साळुंकी न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिकेंत भेटते तेव्हां ओळख पटल्याचा आनंद होतो. ‘आग्रा’ हा तुकडा ताजमहालाचें स्मरण करितो, आणि तो कार्नी यांच्या खर्जाच्या सॅक्सोफोनवर सोंपविलेला आहे. संगमरवराच्या त्या शुभ्र इमारतीसाठीं इतका गडद स्वर निवडावा यांत रचनाकाराची दृष्टि दिसते, कारण ती इमारत अखेर एक कबर आहे. ‘अमाद’ या तुकड्याच्या अखेरीस लॉरेन्स ब्राउन यांचा ट्राँबोन बांगेची आठवण करून देतो. ‘इस्फहान’ हा जॉनी हॉजेस यांनीं वाजविलेला तुकडा सर्वांत लोकप्रिय झाला. मात्र ती चाल स्ट्रेहॉर्न यांनीं इराण पाहण्यापूर्वींच रचिली होती, आणि त्या नगरीचें नांव तिला मागाहून मिळालें.

३१ मे १९६७ रोजीं स्ट्रेहॉर्न वारले. ते अवघे एक्कावन्न वर्षांचे होते. दिल्लींत ज्यानें नायकाची जागा संभाळली, त्याची ही शेवटच्या मोठ्या कामांपैकीं एक कामगिरी ठरली. १९६८ सालीं मालिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्यापूर्वींच, जुलै १९६४ मध्यें, अमेरिकेंत नागरी हक्कांचा कायदा होऊन हॉटेलें व खाणावळी यांतील वर्णभेद बेकायदा ठरला होता. रुळांच्या कडेला डब्यांत रात्री काढलेल्या माणसांनीं हा दिवस पाहिला. २९ एप्रिल १९६९ रोजीं, आपल्या सत्तराव्या वाढदिवशीं, एलिंग्टन यांस राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं व्हाइट हाउसमध्यें बोलावून ‘मेडल ऑफ फ्रीडम’ हें सन्मानपदक दिलें.

हा कायदा दौऱ्यामुळें झाला असें म्हणणें हास्यास्पद होईल. तो बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरील लोकांनीं रक्त सांडून मिळविला. परंतु त्याच वर्षीं हीं पंधरा माणसें देशोदेशीं जाऊन ताठ मानेनें उभीं राहिलीं. सरकारास वाटलें, कीं यांना पाहून जग आमच्या घरचें उणें विसरेल. जगानें तें उणेंही पाहिलें, आणि त्यावर मात करून उमललेली कलाही पाहिली. वकिलांनीं यांपैकीं दुसरी गोष्ट मन लावून ऐकविली, आणि पहिलीविषयीं विचारणाऱ्यास खोटें उत्तर दिलें नाहीं. धन्याशीं इमान आणि सत्याशीं इमान हीं दोन्ही राखणें वकिलास क्वचितच साधतें. एलिंग्टन यांच्या मंडळीस तें बऱ्याच अंशीं साधलें, आणि जातां जातां आपल्या अंगणांतल्या साळुंकीची शीळ त्यांनीं जगास ऐकविली, हें त्यांचें आपल्यावरील ऋण होय.